तीन वर्षं न घेतलेला घोट

आमच्या ख्रिस्ती मंडळीची स्मरणिका निघते आहे. त्यात जुन्या माणसांवर एकेक पान आहे. माझ्या आजीवरचं पान मी नजरेखालून घालावं म्हणून परवा दोन तरुण पोरं घरी येऊन गेली. मजकूर त्यांनीच लिहून आणला होता. 'त्या अत्यंत सोशीक, शांत व प्रेमळ होत्या. मंडळीच्या प्रत्येक निर्णयाला त्यांनी नम्रपणे साथ दिली.'

मी चष्मा काढला, पुसला आणि परत वाचलं. तेच लिहिलं होतं.

सोशीक? माझी आजी? अरे बाबांनो, तुम्ही कोणाच्या आजीवर लिहून राह्यले? प्रेमळ होती, ते राहू द्या. पण शांत? आजी देवळात शिरली की पाळकसाहेब आधी घड्याळ बघायचे, मग तिच्याकडे बघायचे. आणि निर्णयाला साथ म्हणाल, तर एका निर्णयाला तिनं तीन वर्षं अशी साथ दिली की अख्ख्या मंडळीच्या नाकी नऊ आले. हे त्या पोरांना ठाऊक नाही असंही नाही. त्यांच्या आज्याही तिथंच बसल्या होत्या.

पोरांना चहा पाजला आणि म्हटलं, कागद ठेवून जा, मी लिहिते. मी लिहिते आहे ते त्यांच्या एका पानात मावायचं नाही, आणि मावलं तरी ते छापायचे नाहीत. न छापोत. मेलेल्या माणसाला घासूनपुसून गुळगुळीत करायचं आणि भिंतीवर टांगायचं, याची लोकांना फार हौस असते. माझ्या आजीला मी टांगू देणार नाही.

आजी अल्लीपूरच्या बाजूच्या एका खेड्यात, मांगवाड्यात जन्मली. तिचा बाप लोकांच्या लग्नात डफडं वाजवायचा. लग्न झाल्यावर ती नवऱ्याबरोबर आमच्या गावी, आपल्याच लोकांच्या वाडीत आली. इथं कापसाचं जिन होतं, मिशनचा दवाखाना होता आणि दवाखान्याच्या मागं कौलारू देऊळ होतं. चर्चला आमच्यात देऊळच म्हणत. नवरा लवकर गेला. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं ती जिनात रेच्यावर, सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर, उभी राहून कापूस घालत होती. कापसाचा बारीक भुरा छातीत गेला तो गेलाच. तिला कायमचा एक खोकला होता, कोरडा, दार वाजवल्यासारखा. तो खोकला पुढं फार महागात पडला.

माझी माय तिची एकुलती लेक. माझे वडील मी लहान असतानाच वारले, म्हणून आम्ही दोघी आजीच्या घरी आलो. माय दवाखान्यात आया होती. घरात तीन बाया आणि एक मांजर, आणि सत्ता आजीची.

रविवारी सकाळी ती लोट्यात निखारे घालून आपलं लुगडं इस्त्री करायची. मग माझ्या डोक्यावर खोबरेल तेल थापायची, इतकं की ते कपाळावर ओघळायचं. देवळात बायांची सतरंजी डावीकडं, पुरुषांची उजवीकडं, आणि दोन्हींच्या मागं साहेबलोकांच्या घरच्यांसाठी बाकं. आजी सतरंजीवर सगळ्यात पुढं बसे. तिला वाचता येत नव्हतं, पण गीतांचं पूर्ण पुस्तक तोंडपाठ होतं. पेटीवाला सूर देईपर्यंत ती थांबत नसे. तिनं सुरू केलं की पेटीवाल्यानं तिला गाठायचं. उपदेश लांबला तर खोकायची, आणि तो खोकला कापसाचा नव्हता हे सगळ्यांना कळायचं. बाहेर पडताना पाळकसाहेबांना तोंडावर सांगायची, "आज शिळं होतं, साहेब. हे तुमी दिवाळीच्या मांगं बी सांगतलं होतं."

हंगामाच्या सणाला लोक देवळात धान्य, भाज्या, कोंबड्या आणून देत. आजी आपली सगळ्यात धष्टपुष्ट कोंबडी नेई. एकदा मायनं म्हटलं, ती अंडी देणारी राहू दे, दुसरी ने. आजी भडकली. "देवाले काय रोगाट कोंबडी देऊ? त्याले का डोये नाईत?"

आणि तिच्याकडं एक खास काम होतं. वर्षातून चारदा आमच्याकडं प्रभुभोजन असे. एक भाकर मोडून सगळ्यांना तुकडा द्यायचा आणि एका प्याल्यातून सगळ्यांनी एकेक घोट घ्यायचा. आमच्या देवळात दारू चालत नसे, म्हणून द्राक्षारसाऐवजी मनुकांचा रस. तो रस आजी करायची. शनिवारी मनुका भिजत घालायच्या, उकळायच्या, आणि धुतलेल्या फडक्यात बांधून हातानं पिळायच्या. त्या दिवशी ती घरात कोणाशी भांडत नसे. फडक्यात उरलेला चोथा मला मिळायचा. देवाच्या नावाचं मला जे काही पहिल्यांदा आवडलं असेल, ते हा चोथा.

प्याला जुना होता. पितळेचा, वर चांदीचा मुलामा, आणि कडेला इतक्या ओठांनी मुलामा उडून पिवळं पितळ दिसायला लागलेलं.

मी बारा वर्षांची असताना नागपूरहून नवे कंपाउंडर बदलून आले. मोठे कंपाउंडर, दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या खालोखाल यांचाच शब्द. पुढच्याच वर्षी ते मंडळीचे पंचही झाले. त्यांचं घराणं दोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेलं, आणि मूळचं मोठ्या जातीचं. हे त्यांनी आपल्या तोंडानं कधी सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळेल अशी व्यवस्था केली होती. त्यांची बायको, कंपाउंडरीणबाई, गोरीपान, हळू बोलणारी. बाकावर बसायची.

एका प्रभुभोजनात प्याला सतरंजीवरून फिरत फिरत बाकाकडं गेला. आजी त्या दिवशी खोकत होती. बाईंनी प्याला हातात घेतला, कडेकडं पाहिलं, आणि रुमालानं कड पुसली. मग पुसलेल्या जागीही ओठ न लावता प्याला पुढं दिला.

पुढच्या वेळेला देवळात लाकडी तबक आलं. त्याला भोकं पाडलेली, आणि प्रत्येक भोकात अंगठ्याएवढी काचेची पेली. कलकत्त्याहून मागवली होती म्हणे. कंपाउंडरसाहेबांनी उभं राहून सांगितलं की आजकाल क्षयाचे रोगी वाढले आहेत, एका भांड्यातून पिणं शास्त्राला धरून नाही, आणि शहरातल्या मंडळ्यांनी हे कधीच बंद केलं.

उपासना संपल्यावर बाहेर लिंबाखाली आजीनं त्यांना गाठलं.

"साहेब, मले क्षय हाय का?"

"तुमचं नाव कोणी घेतलं, आजी?"

"नाव नाई घेतलं, पन सगळे माह्याकडंच पाहून राह्यले ना. डॉक्टरीणबाईनं नळी लावून माही छाती तपासली हाय. कापसाचा भुरा हाय म्हने, रोग नाई. विचारा त्याह्यले."

"तरी पण सावध राहिलेलं बरं."

"मंग सगळे पेल्यावर मी पेते. सगळ्यात शेवटी. मंग तं झालं?"

मला अजून वाटतं, तिथंच सगळं मिटलं असतं. रोगाचीच भीती असती तर मिटलंच असतं. पण कंपाउंडरसाहेब म्हणाले, "एकट्या तुमचा प्रश्न नाही. तुमच्या वाडीतली इतकी माणसं येतात..."

आजीनं कमरेवर हात ठेवले. "पुऱ्या वाडीले क्षय झाला का?"

साहेब निघायला वळले. तेव्हा आजी जे बोलली ते तिनं बोलायला नको होतं असं माय जन्मभर म्हणायची. आजी म्हणाली, "हे तुमच्या इवल्या इवल्या पेल्याईत जे भरलं हाय ना साहेब, ते म्या काल ह्या हातानं पिळलं. माह्या हातचं चालते अन् माह्या तोंडचं चालत नाई?"

झालं. तोंड उघडलं आणि काम गेलं. पुढच्या वेळेपासून रस कंपाउंडरीणबाई करू लागल्या. नुसतं गोड पाणी. रोग रेड्याला अन् औषध पखालीला, दुसरं काय.

तेव्हापासून आजीनं प्याला घेणं सोडलं. देवळात येणं सोडलं नाही, जागा सोडली नाही, गाणं सोडलं नाही. भाकरीचा तुकडाही ती घ्यायची. पण तबक समोर आलं की दोन्ही हात पदराखाली घालून बसायची आणि तबक धरणाऱ्याकडं सरळ बघायची. बहुतेक वेळा तबक कंपाउंडरसाहेबांच्याच हातात असे. ते थांबायचे. मग आजी म्हणायची, "चला पुढं." आणि त्यांना पुढं जावं लागायचं.

हे वर्षातून चारदा, तीन वर्षं.

आमचे पाळकसाहेब तरुण होते, पहिलीच नेमणूक. ते सायकलवर घरी येऊन तिला समजवायचे. आजी, तुम्ही अर्धंच प्रभुभोजन घेता, हे बरोबर नाही. ती म्हणायची, "अर्धं तुमी केलं, म्या नाई." ते म्हणायचे, भांडं महत्त्वाचं नाही, श्रद्धा महत्त्वाची. ती म्हणायची, "मंग भांडं बदललं काऊन?" मग पाळकसाहेब चहा पिऊन जायचे. चहा पिताना त्यांच्या तोंडावर जे दुःख दिसे त्यावरून मला ते आवडायचे.

मला मात्र आजीची लाज वाटायची. हे मी लपवणार नाही. मी हायस्कुलात जात होते, माझ्या मैत्रिणी बाकावर बसणाऱ्या घरांतल्या होत्या, आणि मला त्या काचेच्या पेल्या फार सुंदर वाटायच्या. खिडकीतून ऊन आलं की पूर्ण तबक चमकायचं. पंधराव्या वर्षी मी मंडळीची पक्की सभासद झाले, म्हणजे त्या रविवारी मला पहिल्यांदा प्रभुभोजन मिळणार होतं. सकाळी कंपाउंडरीणबाईंनी मला जवळ बोलावून माझ्या पदराला स्वतःची पिन लावून दिली होती. तबक आलं. आजीनं हात पदराखाली घेतले. शेजारी मी. मी पेली उचलली आणि प्यायले. आजीनं मान वळवली नाही.

घरी आल्यावर तिनं काहीच म्हटलं नाही, म्हणून मीच भडकले. अपराध्याला शांतता सोसत नाही. "कायले हट्ट करतेस व आजी? एक घोट तं हाय! लोक हासतात."

"हासू दे. दात तं दिसतात त्याह्यचे," ती म्हणाली. मग भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, "बस इथं."

तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत देते.

"माह्या बापाले लग्नाघरी पानी वरून ओतत. खाली बस, ओंजळ धर. दिवसभर डफडं वाजोवून घसा वाळला तरी गडव्याले हात लावाचा नाई. आमी लेकरं बी तसंच पेत होतो. मले वाटे, पानी असंच पेतात. मंग इथं आली, बाप्तिस्मा घेतला. पयल्यांदा प्याला माह्या हातात देला, तं म्या काय केलं ठाऊक हाय? मान वर केली अन् वरून तोंडात ओतला. सवयच ना बाई! पुरा लुगड्यावर सांडला. सगळ्या बाया पाहून राह्यल्या. लाजेनं जीव चालला माहा. प्याला घेऊन जे मास्तर फिरत होते ते बुढे, जन्माचे बामन. ते वाकले अन् म्हने, 'बाई, ओठ लावा.' म्या लावले. सगळ्यात शेवटची मीच होती. माह्यानंतर उरलेलं ते प्याले. जिथं म्या ओठ लावला होता, तिथूनच. तवा मले येशू समजला. पुस्तकातून नाई समजला, मले वाचता कुठं येते? त्या बुढ्याच्या तोंडातून समजला."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"आता मले सांग," आजी म्हणाली, "ज्या घोटासाठी म्या जात सोडली, माहेर सोडलं, तो घोट ह्या लोकाईनं परत ओंजळीत ओतून देला. तो म्या घेऊ?"

मी तिथून उठून गेले. मला पटलं होतं, आणि पटलेलं आवडलं नव्हतं. पुढच्या वेळीही मी पेली घेतली. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला शूर व्हायला वेळ लागतो.

मध्य प्रदेशातून काढून आम्हाला मुंबई राज्यात घातलं, त्याच्या पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास आजी पडली. निमोनिया. डॉक्टरीणबाई घरी येऊन सुया देऊन गेल्या आणि मायला बाजूला नेऊन म्हणाल्या, वय झालंय, सांगता येत नाही. मायनं पाळकसाहेबांना निरोप धाडला.

ते भर दुपारी सायकलवर आले. हातात एक छोटी लाकडी पेटी, आजाऱ्यांसाठीची. त्याच वेळी कंपाउंडरीणबाई साबुदाण्याची खीर घेऊन आलेल्या होत्या आणि खाटेजवळ खुर्चीवर बसल्या होत्या. खरं ते सांगते, आजाऱ्याच्या घरी त्या नेहमी जायच्या, रिकाम्या हातानं कधी नाही. पाणी मात्र कुठंच प्यायच्या नाहीत.

पाळकसाहेबांनी पेटी उघडली. आत चार पेल्या आणि रसाची बाटली. त्यांनी पेल्या भरल्या. आजीनं एक डोळा उघडला.

"हे काय हाय? डोयात टाकाचं औषध?"

"प्रभुभोजन आहे, आजी. आता तरी हट्ट सोडा. मोठा प्याला कपाटात बंद आहे, आणि किल्ली..." ते थांबले. किल्ली कोणाकडं होती हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. कंपाउंडरीणबाई खिरीच्या डब्याच्या झाकणाकडं बघत होत्या.

"म्या तोच प्याला मांगतला का?" आजीला धाप लागत होती. "एक पायजे. कोनताबी. पोट्टे, आपला पेला आन."

मी चुलीजवळचा जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, पेला आणला, बूड चेपलेला. पाळकसाहेबांनी एकदा दाराकडं पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि तो फक्त मार्चचा नव्हता. मग त्यांनी एकेक करून चारही पेल्या त्या पेल्यात ओतल्या, प्रार्थना केली आणि आजीच्या ओठांना पेला लावला. ती एक घोट प्याली. तिच्यामागून पाळकसाहेब प्याले. माय प्याली. मी प्यायले. त्या गोड पाण्याला पेल्याचा धातूचा वास येत होता, आणि मला रडू आवरेना, कारण तोपर्यंत मी दोनदा प्रभुभोजन घेतलं होतं आणि हे पहिलं होतं.

मग मी पेला कंपाउंडरीणबाईंसमोर धरला.

त्यांनी तो घेतला. दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसल्या. बराच वेळ. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. शेवटी त्या म्हणाल्या, "मला जरा खोकला आहे."

"मले बी हाय," आजी म्हणाली.

बाईंचं तोंड पांढरं पडलं. त्यांनी पेला जमिनीवर ठेवला, चुलीवर दूध ठेवून आले असं काहीतरी पुटपुटल्या आणि गेल्या. उरलेला घोट पाळकसाहेबांनी संपवला.

ते गेल्यावर मी बाईंच्या नावानं तोंडाला येईल ते बोलले. खीर मांजराला घालायला निघाले. आजीनं डोळे मिटूनच मला थांबवलं. "ती बसून होती ना व किती येळ? फेकून नाई देला तिनं. खीर आन इकडं."

आम्ही समजलो, बुढीनं प्रभुभोजन घेतलं, आता ही जाते. मायनं पेटीतलं पांढरं लुगडं काढून ठेवलं. चौथ्या दिवशी आजीचा ताप उतरला, आणि पाचव्या दिवशी ती उठून बसली आणि म्हणाली, "झुनका कर व. ती साबुदान्याची खळ खाऊन तोंडाची चव गेली." पांढरं लुगडं पाहून तिनं आम्हा दोघींना दिवसभर शिव्या दिल्या.

पण तोवर गावभर झालं होतं. कंपाउंडरसाहेबांनी पाळकसाहेबांविरुद्ध वर अर्ज केला की यांनी घरच्या खरकट्या भांड्यात पवित्र विधी केला. पाळकसाहेबांची बदली होणार असं लोक बोलू लागले. आणि दवाखान्यात मायला बोलावून सांगण्यात आलं की ज्या आयांच्या घरी छातीचा रोगी आहे त्यांना कामावर ठेवावं की नाही याचा विचार चालू आहे. ईस्टरनंतर कळवू.

ईस्टरनंतर. म्हणजे ईस्टरच्या प्रभुभोजनात बुढी काय करते ते बघून.

आमचं घर मायच्या नोकरीवर चालत होतं. माझी शाळाही. माय घरी येऊन चुलीपुढं बसली आणि तिनं जे घडलं ते आजीला सांगितलं. मी वाट पाहत होते की आजी आता कमरेवर हात ठेवणार. तिनं ठेवले नाहीत. ती एकदम म्हातारी दिसली. मला तिचं ते तोंड कधी विसरता आलं नाही.

"घे म्हनशीन तं घेते," ती मायला म्हणाली. "तुह्यासाठी घेते. म्हन."

माय चुलीतली लाकडं आत सारत राहिली. आठवडाभर तिनं म्हटलं नाही. मी दोघींकडं बघत होते. मायनं 'घे' म्हणावं असं मला वाटत होतं, आणि म्हणू नये असंही वाटत होतं.

ईस्टरच्या रविवारी देऊळ तुडुंब भरलं होतं. उन्हाळा सुरू झालेला, खिडक्या सताड उघड्या, आणि गावात असा एक ख्रिस्ती नव्हता जो त्या दिवशी घरी राहिला. भाकर फिरली. मग कंपाउंडरसाहेब तबक घेऊन आले आणि आजीपुढं वाकले. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं, पण हसू कुठं ठेवलंय ते दिसत होतं.

आजीनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. तिनं वळून मायकडं पाहिलं. तिचा उजवा हात पदराबाहेर होता.

माय, जिनं जन्मात कोणाला उलट उत्तर दिलं नव्हतं, जी डॉक्टरीणबाईंच्या सावलीलाही नमस्कार करायची, त्या माझ्या मायनं मान हलवली. नको.

आजीनं हात आत घेतला. "चला पुढं."

तबक माझ्यापुढं आलं. मी म्हटलं, "चला पुढं." मायनं म्हटलं. तिच्या पलीकडची म्हणाली. वाडीतल्या बाया एकीमागून एक, कोणी मोठ्यानं, कोणी पुटपुटत. शेवटची तर हुंदके देत म्हणाली, पण म्हणाली. कंपाउंडरसाहेबांचा कान लाल झाला होता. पूर्ण सतरंजी ओलांडून ते भरलेलं तबक घेऊन बाकापाशी गेले, आणि तिथं पहिली त्यांचीच बायको बसली होती.

बाईंनी पेली उचलली.

साहेबांनी श्वास सोडला, तो आम्हाला पुढं ऐकू आला. ते शेजारणीकडं वळले. पण बाई प्यायल्या नाहीत. त्या उठल्या. पेलीतलं सांडू नये म्हणून एका हाताचा आडोसा धरून, बाक सोडून, सतरंजीवर पाय टाकत, बायांच्या मधून वाट काढत त्या पुढं आल्या आणि आजीसमोर खाली बसल्या. इस्त्रीच्या रेशमी लुगड्यासकट, जमिनीवर.

"आधी तुम्ही घ्या, आजी," त्या म्हणाल्या.

त्या पेलीत असतो किती रस? एक घोट, तोही लहान. आजीनं पेली घेतली आणि बाईंच्या तोंडाकडं बघत राहिली, इतका वेळ की मला वाटलं ती म्हणणार, चल पुढं. मग तिनं ओठ लावले आणि अर्धा घोट घेतला. अर्धा ठेवला. पेली परत दिली.

बाई प्यायल्या. सगळ्या देवळासमोर, शेवटच्या थेंबापर्यंत.

मी त्या बाईला संतीण करणार नाही. अर्ध्या घोटाला तिला तीन वर्षं लागली. पण मी तेव्हा ढसाढसा रडले, आणि पाळकसाहेब टेबलामागं उभे राहून डोळे पुसत होते.

आजीला रडायला वेळ नव्हता. ती मागं वळली. कंपाउंडरसाहेब भरलेलं तबक हातात धरून बाकांच्या मध्ये तसेच उभे होते.

"साहेब," आजी म्हणाली, "आता तुमीच राह्यले."